पांढरीखालचा इतिहास कोणी राखायचा?

इंग्लंडच्या दक्षिणेस ससेक्स परगण्यात बिग्नर नावाचे एक लहानसे खेडे आहे. १८११ सालच्या जुलै महिन्यात तेथील जॉर्ज टपर या शेतकऱ्याचा नांगर शेतातल्या एका मोठ्या दगडाला अडला. माती बाजूला सारताच खाली रंगीत दगडी तुकड्यांनी चितारलेली जमीन दिसू लागली. रोमन काळातील एका संपन्न ग्रामीण वाड्याची, म्हणजेच ‘व्हिला’ची, ती फरसबंदी होती. गरुडाने उचलून नेलेला गॅनिमीड, व्हीनसचा मुखवटा, अंगावर घोंगता घेतलेली हिवाळ्याची आकृती अशी एकाहून एक सरस चित्रे त्या शेताखाली चौदा-पंधरा शतके पडून होती. टपरने ती उखडून विकली नाहीत. १८१४ साली तेथे प्रेक्षकांसाठी दारे उघडली गेली. प्राचीन भिंतींच्या पायांवर नव्या भिंती उभारून, वर गवताची छपरे घालून ही चित्रे ऊनपावसापासून वाचविण्यात आली. दोनशे वर्षे उलटली, तरी त्या जागेची राखण त्याच घराण्याच्या हाती आहे.

हे उदाहरण परदेशाचे गोडवे गाण्यासाठी दिलेले नाही. इंग्लंडात काय किंवा इटलीत काय, असल्या कितीतरी फरशा उखडल्या गेल्या आणि कितीतरी वाड्यांचे दगड नव्या घरांच्या पायात गेले. मुद्दा वेगळा आहे. जमिनीखालचा इतिहास सर्वप्रथम ज्याच्या नजरेस पडतो तो क्वचितच विद्वान असतो. बिग्नरला तो शेतकरी होता. १९६० साली ससेक्समधीलच फिशबोर्न येथे पाण्याच्या नळासाठी चर खणणाऱ्या कामगाराला जुन्या इमारतीचे अवशेष लागले. पुढे बॅरी कनलिफ यांच्या उत्खननातून इसवी सनाच्या पहिल्या शतकातला भव्य प्रासाद उजेडात आला आणि १९६८ मध्ये त्यावर संग्रहालय उभे राहिले. २०२० साली रटलंड परगण्यात शेतमालकाच्या मुलाला पिकात काही अनोळखी खापरे दिसली आणि तिच्या मागोमाग ट्रॉयच्या युद्धातील अकिलीस व हेक्टर यांची कथा सांगणारी फरशी सापडली. नांगर, कुदळ आणि सहज फिरणारी एक नजर, एवढेच या तिन्ही शोधांचे भांडवल होते. वस्तू सापडणे हा दैवयोग असतो. सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी काय होते, यावर मात्र समाजाची परीक्षा होते.

गढी आणि व्हिला

रोमन व्हिला म्हणजे केवळ धनिकांचे विलासगृह नव्हे. भोवती शेकडो एकर शेती, धान्याची कोठारे, द्राक्षे व ऑलिव्ह यांचे घाणे, राबणाऱ्या गुलामांच्या खोल्या आणि मध्यभागी मालकाचा चौसोपी वाडा, असा तो सारा पसारा असे. मराठी वाचकाने एखाद्या देशमुखाची गढी नजरेपुढे आणली, तर त्याला या व्यवस्थेची बरीच कल्पना येईल. दिवाणखान्याच्या जमिनीवर आधी दगडगोटे, त्यावर चुना आणि विटांचा चुरा यांचे थर आणि सर्वांत वर ओल्या चुन्यात एकेक करून बसविलेले रंगीत चौकोनी तुकडे, अशी त्या चित्रांची घडण. ती टिकली याचे श्रेय कारागिराला जितके, तितकेच तिच्यावर साचलेल्या मातीला आहे. उघडी पडल्यावरच तिच्या आयुष्याला खरा धोका सुरू होतो.

सिसिली बेटावरील पियात्सा आर्मेरिना गावाजवळचा व्हिला देल कासाले याची साक्ष देतो. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या वाड्यात सुमारे ३,५०० चौरस मीटर चित्रफरशा आहेत. बाराव्या शतकात दरड कोसळून तो गाडला गेला आणि म्हणूनच वाचला. येथील महामृगयेच्या लांबलचक दालनात हत्ती, वाघ, शहामृग पकडून जहाजांवर चढविले जात आहेत. त्याच्या एका टोकाला हत्ती आणि वाघ यांच्यामध्ये बसलेली एक स्त्री आहे. ती स्त्री म्हणजे मूर्तिमंत भारतभूमी होय, असे काही अभ्यासकांचे मत आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर येथे मोठे उत्खनन झाले आणि फरशांवर पारदर्शक आच्छादन घालण्यात आले. हेतू स्तुत्य होता. परंतु आत काचघरासारखी उष्णता कोंडू लागली आणि ज्याने जपायचे तेच छप्पर जाचक ठरले. अखेर ते बदलावे लागले आणि दुरुस्त झालेला व्हिला २०१२ साली पुन्हा खुला झाला. १९९७ पासून जागतिक वारसा म्हणून मिरविणाऱ्या स्थळाची ही कथा. तात्पर्य असे, की उकरणे सोपे असते. उकरलेले सांभाळणे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम असते.

नाक्यावरून दिसणारा इतिहास

या साऱ्याशी हिंगोली जिल्ह्यातील कनेरगाव नाक्यासारख्या गावाचा संबंध काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. वाशीम-हिंगोली रस्त्यावरचे हे गाव. शाळेत जाणारे शिक्षक, तालुक्याच्या कचेरीत जाणारे कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी येथे एस. टी. ची वाट पाहत उभे राहतात. नावातला ‘नाका’ हा शब्दच सीमेची आणि जकातीची आठवण देतो. स्वातंत्र्यापूर्वी वाशीम वऱ्हाडात होते आणि हिंगोली निजामाच्या राज्यात. आज एकीकडे विदर्भ, दुसरीकडे मराठवाडा. प्रवाशाच्या लेखी हे गाव दोन ठिकाणांच्या मधला एक थांबा, एवढेच.

परंतु या दिशेच्या वाटेला सोळाशे वर्षांपूर्वीही नाव होते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचणारा सर्वसेन याच शाखेचा संस्थापक आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात ज्याच्या मंत्र्याचा लेख आहे तो हरिषेण याच शाखेचा राजा. १९३९ साली वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. त्यात नांदीकटाच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर मार्गावरील एका गावाच्या दानाचा उल्लेख आहे. आजही वाशीमहून नांदेडकडे निघालेली गाडी कनेरगाव नाका आणि हिंगोली मागे टाकीत जाते. ज्या मुलखाच्या वाटा राजशासनात नोंदल्या गेल्या, तो मुलूख इतिहासाच्या परिघाबाहेरचा होता असे कसे म्हणावे?

मराठवाड्याचा संबंध तर थेट रोमपर्यंत पोहोचतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासवर्णनात पैठण आणि तगर ही दोन नगरे नावानिशी येतात. भडोचहून वीस दिवसांवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीक आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाते, असे तो सांगतो. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर होय, हे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. भारताशी होणाऱ्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स देशाबाहेर जातात, अशी तक्रार रोमचा प्लिनी त्याच शतकात करीत होता. त्या पैशाचा काही अंश तेरणेच्या काठच्या कोष्ट्याच्या आणि मणी घडविणाऱ्याच्या घरी आला असेल, असे मानायला हरकत नसावी. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडनची काशाची मूर्ती याच व्यवहाराची खूण आहे.

१९३८ साली इटलीत पाँपेई येथील एका घरात वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे दागिने, केशरचना आणि ठेवण पूर्णपणे भारतीय. वेसुवियसच्या राखेखाली पाँपेई इसवी सन ७९ मध्ये गाडले गेले, तेव्हा मूर्ती त्यापूर्वीची हे उघडच आहे. तेर येथे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या आहेत. म्हणून पाँपेईची मूर्ती याच प्रदेशातील कारागिराची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर असल्यामुळे काहींचा कल वायव्येकडे आहे. वाद मिटलेला नाही आणि मिटायचा असेल तर तो याच मातीतल्या पुराव्यांनी मिटणार आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे मराठवाड्यातील एखाद्या टेकाडावरचे खापर किती मोलाचे असू शकते, ते कळते.

काळी आणि पांढरी

कसायची ती काळी आणि वसायची ती पांढरी, असा भेद मराठी खेड्याने शतकानुशतके केला आहे. पांढरीचा रंग पांढुरका का असतो, याचे उत्तर पुरातत्त्वाच्या पहिल्या धड्यासारखे आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, चुना, शेण, हाडे आणि खापरे यांचे थर एकावर एक साचून ती जमीन उंचावते आणि तिचा रंग पालटतो. विद्वान ज्याला वसाहतीचे टेकाड म्हणतात, त्याला गावकऱ्याने आपल्या भाषेत कधीच नाव देऊन ठेवले आहे. म्हणजे ज्ञान आहे. उणीव आहे ती त्या ज्ञानामागून येणाऱ्या जबाबदारीची.

मराठवाड्यात पांढरीची माती धाब्याच्या घरांवर घालण्याची रीत जुनी आहे. शेतात खत म्हणूनही ती नेली गेली. गाडीमागून गाडी भरून टेकाडे उतरत गेली. जुन्या भाजक्या विटा नव्या भिंतीत गेल्या, कोरीव शिळा पायरीला लागल्या, वीरगळांना शेंदूर फासला गेला, तर कित्येक बारवा केरकचऱ्याने बुजल्या. त्या काळी बैलगाडी होती, म्हणून नाशालाही एक गती होती. आज जेसीबी यंत्र सकाळी येते आणि संध्याकाळपर्यंत हजार वर्षांचे थर सपाट करून जाते. घरकुलाचा पाया, विहीर, रस्त्याचे रुंदीकरण, शेततळे ही सारी कामे आवश्यकच आहेत. परंतु ही कामे होताना खाली काय लागले, याची एका ओळीचीही नोंद सहसा होत नाही.

याच्या उलट उदाहरणही याच मराठवाड्यात आहे. संत गोरोबाकाकांच्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होऊन गेले. पांढरीवर उघड्या पडणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या आणि हस्तिदंती वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या आणि जपल्या. पुरातत्त्वाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पायाखाली जे आहे ते फेकण्याजोगे नाही, एवढी जाण मात्र होती. ब्रिटिश म्युझियममधील डग्लस बॅरेट यांनी १९६० साली तेरवर पुस्तक लिहिले आणि या गावाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. लामतुरे यांच्या संग्रहातूनच पुढे तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि ते त्यांच्या नावाने चालते. बिग्नरच्या शेतकऱ्याला शोभेल असाच हा वारस. मात्र आपल्या शालेय पुस्तकांतून त्याचे नाव किती मुलांना भेटते?

आक्षेप आणि भीती

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की जेथे पावसाने डोळे वटारले की पीक जाते आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे खापरांची चिंता करणे ही चैन आहे. पोटाचा प्रश्न आधी, हे कोण नाकारील? पण येथे पोट आणि इतिहास यांतून एकाची निवड करायचीच नाही. विहीर खणू नका असे कोणी म्हणत नाही; खणताना काही लागले तर अर्धा दिवस थांबा, छायाचित्र घ्या आणि कळवा, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी पैसा फार लागत नाही, सवय लागते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. वस्तू सापडल्याचे कळविले तर सरकार जमीनच ताब्यात घेईल, अशी भीती शेतकऱ्याच्या मनात असते. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला २०१० च्या दुरुस्तीने मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी लागते. तथापि, प्रत्येक सापडलेल्या खापरामुळे स्मारक घोषित होत नसते. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्याची दुसरी बाजू कोणी सांगतच नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे आणि लपविणे हा गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु ठेव्यावर हक्क सांगणारा मूळ मालक पुढे न आल्यास, सापडविणारा आणि जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल तर, तीन चतुर्थांश वाटा सापडविणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा असतो. शासनाला ठेवा हवा असेल तर त्याने त्याची किंमत मोजून घ्यावा, अशी त्या कायद्याची रचना आहे. कायद्याचा धाक गावात पोचला आणि त्याने दिलेला हक्क पोचला नाही, तर लोक लपविणारच. दोष एकट्या शेतकऱ्याला देऊन चालणार नाही.

इंग्लंडने १९९७ पासून निराळी वाट धरली. सामान्य नागरिकाला सापडलेल्या वस्तूंची ऐच्छिक नोंद करणारी यंत्रणा तेथे उभारण्यात आली. जिल्ह्याजिल्ह्यात त्यासाठी जाणकार नेमले गेले. वस्तू नोंदवून बहुतेक वेळा सापडविणाऱ्याला परत दिली जाते. आजवर दहा लाखांहून अधिक वस्तू तेथे नोंदल्या गेल्या आहेत. वस्तूपेक्षा तिचे स्थान मोलाचे, हे तत्त्व यामागे आहे. एखादा मणी कोणत्या शेतात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी मिळाला हे कळले, तर तो बोलू लागतो. ते न कळता तो काचेच्या कपाटात गेला, तर तो केवळ शोभेची वस्तू उरतो.

करण्याजोगे

आपल्याकडे अशी यंत्रणा उभी राहण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तिचे घटक गावोगावी हजर आहेत. तलाठ्याजवळ गटांचे नकाशे आहेत. ग्रामपंचायतीजवळ ठरावाची वही आहे. शाळेत इतिहासाचे शिक्षक आहेत. विद्यार्थ्यांच्या हातात स्थळाची नोंद करणारा कॅमेरा असलेला फोन आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील पांढर, गढी, बारव, वीरगळ, जुनी देवळे आणि उद्ध्वस्त वस्त्यांच्या जागा यांची एक यादी ठरावानिशी करावी. बांधकामाची परवानगी देणाऱ्या कारकुनाने ती यादी एकदा चाळून पाहावी. शाळांनी स्थानिक इतिहासाचा प्रकल्प देताना पुस्तकातली माहिती उतरवून घेण्याऐवजी अशा एका जागेचे टिपण मागावे. मात्र उत्साहाच्या भरात विद्यार्थ्यांनी कुदळ हाती घेऊ नये. वस्तू उचलण्याआधी छायाचित्र आणि स्थळाची नोंद, मग तहसील कचेरी व पुरातत्त्व खाते यांना पत्र, हा क्रम मोडता कामा नये.

शासनाकडून अपेक्षा आहेत त्याही अवाजवी नाहीत. कळविणाऱ्याला ठरावीक मुदतीत उत्तर मिळावे, काम थांबविले तर नुकसानीची भरपाई वेळेवर व्हावी आणि सापडलेली वस्तू दूरच्या कोठारात पडून न राहता जिल्ह्याच्या ठिकाणी पाहता यावी. हिंगोली जिल्हा १९९९ साली अस्तित्वात आला. औंढा नागनाथाचे शिल्पसमृद्ध मंदिर आणि संत नामदेवांचे नरसी या जिल्ह्यात आहे. अशा जिल्ह्यातील मुलांना आपल्याच मुलखातले एखादे शिल्प, एखादे खापर जवळून पाहण्यासाठी परगावी जावे लागू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक जागा खणलीच पाहिजे असे नाही. रटलंडमधील ती ट्रॉयच्या युद्धाची फरशी अभ्यास झाल्यावर पुन्हा मातीखाली झाकण्यात आली. पुढच्या पिढीजवळ अधिक चांगली साधने असतील, या विश्वासाने आपला लोभ आवरणे हेही संशोधनच आहे. जागा ठाऊक असावी, नोंदलेली असावी आणि तिच्यावर यंत्र चालू नये, एवढे साधले तरी पुष्कळ साधले.

कनेरगाव नाक्याला कोणी तेर किंवा पैठण म्हणणार नाही आणि म्हणण्याची गरजही नाही. थोरल्या नगरांचा इतिहास लिहायला विद्यापीठे आहेत. लहान गावाचा इतिहास मात्र त्या गावानेच राखला तर राहतो. एरवी त्याची माती कोणाच्या तरी धाब्यावर नाहीतर रस्त्याच्या भरावात जाते आणि गेली हे कळतही नाही. ज्या पांढरीवर आपले घर उभे आहे, तिच्याखाली आपल्या आधी कोण नांदून गेले, हे विचारण्याचा अधिकार तेथे राहणाऱ्या प्रत्येक मुलाला आहे. उत्तर देणारे थर शिल्लक ठेवणे, हे आज तेथे राहणाऱ्या मोठ्यांचे कर्तव्य होय. राज्यघटनेने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत १९७६ साली वारसा जतनाचा समावेश केला, तो केवळ दिल्लीच्या लाल किल्ल्यासाठी नव्हे. नाक्याच्या पलीकडे दिसणारे एखादे उंचवट्याचे रान, तेही त्यात येते.